प्रवेशाच्या हक्कातील परस्पर फेरफार
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मुख्य आयुक्तांस खुले पत्र

मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली



नवे सॉफ्टवेअर बसवताना संगणकाच्या लॉगिन-व्यवस्थेत मालकाला न विचारता जे फेरफार केले जातात, ते अनुचित व्यापारी प्रथा म्हणून आपल्या प्राधिकरणाने स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आणि ज्यांना या प्रकाराची झळ पोहोचते त्यांपैकी बहुतेक जण कधी दाद मागत नाहीत, किंबहुना आपल्यावर काही अन्याय झाला आहे हेच त्यांच्या ध्यानी येत नाही, म्हणून ते बंद पाकिटातून न पाठवता जाहीरपणे लिहीत आहे.

तक्रारीचे स्वरूप प्रत्यक्षातील एका प्रसंगावरून अधिक स्पष्ट होईल. आमचे ग्रंथालय तालुक्याच्या गावचे, शासनमान्य ‘ब’ वर्गाचे. दाखल नोंदवही, सभासदांची वर्गणी व अनामत, रोजची देवघेव आणि वर्षअखेरीस वरिष्ठ कार्यालयाकडे जाणारा अहवाल, हे सारे दप्तर एकाच संगणकावर आहे. तो देवघेवीच्या टेबलावर असतो आणि त्याला पासवर्ड नव्हता. बटन दाबले की तो थेट ‘वाचनालय’ या खात्यात उघडत असे. सकाळी ग्रंथपाल बाई, सायंकाळी लिपिक आणि अडीअडचणीला शिपाईसुद्धा तो सुरू करतात, खोलीची किल्ली मात्र ठरावीक माणसांपाशीच असते, हे ध्यानात घेऊन कार्यकारी मंडळाने ती व्यवस्था विचारपूर्वक ठरवलेली होती. मागील वर्षी कर्मचाऱ्यांची हजेरी बोटाच्या ठशावर घ्यावी असे ठरले आणि त्यासाठी संगणकाला जोडावयाचे एक लहानसे यंत्र व सोबतचे सॉफ्टवेअर खरेदी करण्यात आले. विक्रेत्याचा माणूस आला, एकामागून एक चौकटींवर ‘नेक्स्ट’ दाबत त्याने ते बसवले, सर्वांचे ठसे नोंदवले, पावती दिली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी संगणक सुरू केला, तो पडद्यावर ‘वाचनालय’ हे नाव नाही. त्या जागी यंत्राच्या उत्पादकाचे बोधचिन्ह, त्याखाली ठशाची आकृती आणि बोट ठेवा असे सांगणारी इंग्रजीतील एक ओळ. बाईंचे सारे आयुष्य पुस्तकांच्या बांधणीची खळ, डिंक आणि जुन्या कागदांची धूळ यांत गेलेले आहे. त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, आणि आदल्या दिवशी पुष्कळ खटपटीने नोंदला गेलेला त्यांचा ठसा त्या सकाळी यंत्राला काही केल्या ओळखू येईना. अंगठा झाला, तर्जनी झाली, पदराने पुसून पुन्हा अंगठा झाला, आणि टेबलापलीकडे पुस्तके हातात घेऊन सभासद उभे. ठसा न जुळल्यास पासवर्ड घालण्याची एक चौकट खाली होती, परंतु तो पासवर्ड विक्रेत्याच्या माणसाने स्वतःच ठरवलेला होता, कोणास सांगितलेला नव्हता, आणि त्याचा फोन लागत नव्हता. देवघेव त्या दिवशी कागदावर झाली, त्याचे फारसे काही नाही, पण आम्ही पोहोचताच बाईंनी जो पहिला प्रश्न विचारला, तो “सगळं पुसलं गेलं का हो?” असा होता, आणि तो विचारताना त्यांचा चेहरा कसा झाला होता हे मी पाहिले आहे. शासनाचे अनुदान ज्या अहवालावर अवलंबून असते त्या अहवालाची मुदत तोंडावर आली होती.

पुसले काहीच गेले नव्हते. खाते होते तसेच होते, नोंदी जिथल्या तिथे होत्या; केवळ त्यांच्याकडे जाण्याचा मार्ग दुसऱ्याने अडवला होता. आमचेच एक तरुण वाचक संगणक-अभियंता आहेत. त्यांनी संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या अत्यावश्यक भागांपुरता, सुरू केला, तेथे बाहेरची लॉगिन-व्यवस्था बहुधा लागू होत नसल्याने मूळ खाते दिसले, ते आत गेले, ठशाच्या त्या व्यवस्थेला तिथून निष्क्रिय केले, संगणक नेहमीच्या पद्धतीने पुन्हा सुरू केला आणि मग ते सॉफ्टवेअर रीतसर काढून टाकले. तरीही दोन गोष्टी मागे राहिल्याच. सॉफ्टवेअरने स्वतःच्या नावाने निर्माण केलेले एक नवे खाते यादीत तसेच राहिले होते. आणि पूर्वी जो संगणक बटन दाबताच उघडत असे, तो आता दोन नावे दाखवून कोण आहात असे विचारू लागला होता. या दोन्ही गोष्टी हाताने निस्तराव्या लागल्या. हजेरीसाठी म्हणून घेतलेल्या वस्तूला संगणकाच्या प्रवेशावर अखत्यार कोणी दिला, हा प्रश्न मी विक्रेत्याला लेखी विचारला. सुरक्षेसाठी हे असेच असते, एवढेच उत्तर मिळाले.

हा प्रकार नवा नाही आणि एखाद्या लहान विक्रेत्याच्या अज्ञानापुरता मर्यादितही नाही, हे दाखवण्यासाठी थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आली, आणि ज्या घरी एकच खाते व पासवर्ड नाही अशा घरी ती काही न विचारता उघडत असे. पुढे २००३ मध्ये त्याच कंपनीने डॉटनेट फ्रेमवर्कची १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. ही काही स्वतंत्र वापराची वस्तू नव्हे. इतर सॉफ्टवेअरना चालण्यासाठी जो पाया लागतो त्यांपैकी ती एक, आणि म्हणून दुसरे काही बसवताना तीही सोबत बसे. बसताना ती ‘एएसपीनेट’ या नावाचे एक यांत्रिक खाते निर्माण करी, ज्याचा उपयोग संगणकावर संकेतस्थळ चालवणाऱ्यालाच होता. परिणाम असा झाला की हिशेब किंवा पत्रे लिहिण्यापलीकडे संगणकाशी संबंध नसलेल्या असंख्य माणसांना एके दिवशी स्वागताचा पडदा आडवा आला आणि आपले नाव निवडल्यावाचून आत जाता येईना. उपाय फार लहान होता: ‘रन’च्या चौकटीत ‘कंट्रोल यूजरपासवर्ड्स२’ ही आज्ञा द्यावयाची, उघडणाऱ्या खिडकीत आपले खाते निवडावयाचे, वापरणाऱ्याने नाव व पासवर्ड दिलाच पाहिजे या वाक्यापुढची खूण काढावयाची आणि पासवर्ड असल्यास तो दोनदा लिहून मान्य करावयाचे. परंतु ही आज्ञा कोणत्याही मेनूत लिहिलेली नव्हती. जी गोष्ट सॉफ्टवेअरने न विचारता आणि कोणाला कळू न देता बदलली, ती पूर्ववत करण्यासाठी मालकाने मात्र गुप्त वाटावी अशी आज्ञा शोधून काढावी, ही विषमता मला त्या काळीही अनुचित वाटली आणि आज अधिक वाटते.

त्याच पिढीच्या विंडोजमध्ये आणखी एक तजवीज होती. लॉगिनचा पडदा दाखवणारी ‘जीना’ नावाची एक फाइल असे आणि ती बदलून आपली फाइल लावण्याची मुभा बाहेरच्या सॉफ्टवेअरना होती. कार्यालयाच्या जाळ्याशी जोडणारी, दुरून संगणक चालवणारी, ठसे ओळखणारी अनेक सॉफ्टवेअर या मुभेचा लाभ घेत. तसे केले की स्वागताचा पडदा आणि एका खात्यातून दुसऱ्यात झटपट जाण्याची सोय, दोन्ही बंद पडत. नुकत्याच बसवलेल्या एखाद्या प्रोग्रामने हे केले आहे, ते हवे असेल तर तो काढून टाका, अशी सूचना विंडोज देई खरी, पण ती वापरकर्त्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन बदल करू पाहणाऱ्यालाच दिसे. याहून वाईट अवस्था अर्धवट काढलेल्या सॉफ्टवेअरची. फाइल गेली पण रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदसंग्रहातील, तिची नोंद राहिली, तर संगणक सुरू होताना लॉगिनची फाइल सापडत नाही एवढेच सांगून थांबे आणि पुन्हा सुरू करण्याच्या बटनाखेरीज पडद्यावर दुसरे काही उरत नसे. विंडोज व्हिस्टापासून ती पद्धत जाऊन ‘क्रेडेन्शियल प्रोव्हायडर’ नावाची व्यवस्था आली, जीत अनेक प्रवेशमार्ग शेजारीशेजारी नांदू शकतात. परंतु इतरांचे मार्ग पडद्यावरून लपवण्याची सवलत त्या व्यवस्थेतही आहे, आणि आमच्या ग्रंथालयात जे घडले ते याच सवलतीने.

आपल्या महाराष्ट्रात जमिनीच्या हक्काची नोंद बदलावयाची झाल्यास तलाठ्याला ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये घ्यावी लागते, हितसंबंध असलेल्या प्रत्येकास नोटीस द्यावी लागते, हरकतीसाठी मुदत ठेवावी लागते, आणि कोणाची हरकत आल्यास तिची सुनावणी झाल्यावाचून नोंद प्रमाणित होत नाही. चार गुंठ्यांच्या तुकड्यासाठी जर एवढी काळजी कायद्याने घेतली आहे, तर ज्या यंत्रात माणसाचा सारा पत्रव्यवहार, हिशेब, कुटुंबाची छायाचित्रे आणि संस्थांचे दप्तर साठलेले आहे, त्यात प्रवेश करण्याच्या हक्काची नोंद एका ‘नेक्स्ट’च्या आड परस्पर बदलली जावी, नोटीस नाही, हरकतीची मुदत नाही, झालेल्या बदलाचा कागदही नाही, हे कोणत्या न्यायाने समर्थनीय ठरते?

सुरक्षेचा युक्तिवाद मी तुच्छ मानत नाही. पासवर्डविना उघडणारा संगणक चोरीला गेला तर त्यातील सर्व काही चोराच्या हाती जाते. सार्वजनिक जागी ठेवलेल्या संगणकाला कुलूपबंदी असावी, असे आता आमच्याही मंडळाचे मत झाले आहे, आणि तसा ठराव करून आम्ही पासवर्ड घातला, तो दोघा जबाबदार व्यक्तींपाशी लिहून ठेवला. पण तो आम्ही घातला. जो पासवर्ड मालकाला ठाऊक नाही तो मालकाचे रक्षण करीत नाही, मालकाला बेदखल करतो. शिवाय अशा रीतीने अडवला गेलेला माणूस घाबरून जे करतो त्याने सुरक्षा वाढत नाही, घटते: कोणी जुन्या सल्ल्यावरून रजिस्ट्रीत आपला पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहून स्वयंचलित प्रवेश सुरू करतो, जो त्या संगणकावर बसणाऱ्या कोणालाही वाचता येतो, कोणी बाहेरच्या साधनाने खात्याचा पासवर्ड जबरदस्तीने पालटतो आणि विंडोजच्या आपल्या पद्धतीने सांकेतिक केलेल्या फाइली त्यामुळे कायमच्या वाचता येईनाशा होतात, आणि बहुसंख्य लोक संगणक दुरुस्तीवाल्याकडे नेतात, जो वेळ वाचवण्यासाठी सारी डिस्क पुसून विंडोज नव्याने भरून देतो. शेवटचा प्रकार मी इतक्या घरांत पाहिला आहे की त्यात किती लोकांच्या किती वर्षांच्या आठवणी विनाकारण नष्ट झाल्या असतील याचा विचारही करवत नाही.

पत्र जाहीर असल्याने अशा प्रसंगी सापडलेल्या वाचकासाठी येथे थोडे सविस्तर लिहितो. आपणही ते नजरेखालून घालावे, कारण सामान्य ग्राहकाकडून आज किती ज्ञानाची अपेक्षा केली जाते हे त्यावरून कळेल. प्रथम काहीही पुसू देऊ नये. लॉगिनच्या पडद्यावर ‘साइन-इन ऑप्शन्स’ असे असेल तर ते दाबून पाहावे. पुष्कळदा जुना मार्ग तेथे दडलेला असतो. नसल्यास त्याच पडद्यावरील पॉवरच्या चिन्हातून शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे, आणि पुढे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या क्रमाने जाऊन सेफ मोड घ्यावा. तेथूनच सॉफ्टवेअर काढण्याचा प्रयत्न अनेकदा फसतो, कारण विंडोज इन्स्टॉलरची सेवा सेफ मोडमध्ये सहसा चालू नसते. त्यापेक्षा त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधील ‘सिस्टिम रीस्टोर’ने सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वीच्या तारखेला परत जाणे बरे. त्याने प्रोग्राम आणि सेटिंग मागे जातात, आपली कागदपत्रे व छायाचित्रे जागच्या जागी राहतात. मात्र ही सोय आधीपासून चालू असावी लागते, आणि डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सांकेतिक कुलपाने बंद असेल तर अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी-की मागितली जाते. ती की आजच काढून कागदावर लिहून ठेवावी, अशी माझी प्रत्येकास कळकळीची विनंती आहे. अनेकांच्या संगणकावर हे संरक्षण त्यांच्या नकळत सुरू झालेले असते.

आत गेल्यावर सेटिंगमधील ‘अकाउंट्स’ या भागात आपले खाते कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. ते संगणकापुरते न राहता इंटरनेटवरील खात्याशी जोडले गेले असेल, तर ‘युअर इन्फो’मध्ये स्थानिक खात्याने लॉगिन करण्याचा पर्याय असतो. नोकरीच्या ठिकाणचे खाते कोणी जोडले असेल आणि त्या संस्थेचे नियम आपल्या घरच्या संगणकाला लागू झाले असतील, तर ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’मधून ते तोडता येते. एक्सपीच्या काळातील ती खूण काढावयाची खिडकी आजही ‘नेटप्लविझ’ या आज्ञेने उघडते. परंतु २०२० पासूनच्या विंडोज १० मध्ये ‘केवळ विंडोज हॅलोनेच (चेहरा, ठसा किंवा पिन) प्रवेश’ हे सेटिंग चालू असल्यास ती खूणच दिसत नाही, आणि ते सेटिंग बंद केल्यावर ती पुन्हा प्रकट होते. नव्या खात्यांची यादी पाहून अनोळखी नाव आढळले तरी ते कशाचे आहे हे कळल्याशिवाय पुसू नये.

आता कायद्याकडे वळतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ मध्ये, संगणकाच्या मालकाच्या परवानगीशिवाय अधिकृत व्यक्तीला प्रवेश नाकारणारा किंवा नाकारला जाण्यास कारण होणारा भरपाई देण्यास जबाबदार आहे असे म्हटले आहे. परंतु विक्रेता म्हणतो की परवानगी होती. करारनाम्याच्या लांबलचक मजकुराखाली ‘आय ॲग्री’ कोणीतरी दाबलेच होते. म्हणून खरा वाद संमतीच्या स्वरूपाचा आहे, आणि तेथेच आपल्या प्राधिकरणाचा अधिकार सुरू होतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी आपण डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या पडद्यावरील रचनांविषयी, जी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली, त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत. सक्तीची कृती, महत्त्वाची माहिती झाकून दुसरीच ठळक करणारी मांडणी, गोंधळात पाडणारा प्रश्न, यांपैकी काहींच्या कक्षेत आमच्यासारखी प्रकरणे ओढूनताणून बसवता येतील. पण ती तत्त्वे वाचताना त्यांच्या कर्त्यांपुढे प्रामुख्याने खरेदी, वर्गणी आणि जाहिरात यांचे चित्र होते असे जाणवते. २०२५ च्या जूनमध्ये तीन महिन्यांत आत्मपरीक्षण करण्याचा जो सल्ला आपण दिला तोही ई-कॉमर्सच्या व्यासपीठांना होता. एकदा विकली गेलेली वस्तू ग्राहकाच्या यंत्रात शिरून तेथे काय करते, या प्रश्नाकडे अद्याप कोणी वळलेले नाही.

हे करणे अवघड आहे असे उत्पादक सांगतील. तसे नाही, याचा पुरावा समोर आहे. डेबियन ही लिनक्सची प्रसिद्ध आवृत्ती हजारो स्वयंसेवकांनी घडवली आहे. तीत लॉगिनचा पडदा दाखवणारे दुसरे सॉफ्टवेअर बसवू लागलो, तर स्थापना मध्येच थांबते आणि आता यापुढे या दोहोंपैकी कोणते वापरावयाचे हे मालकाला विचारते. मालक जे निवडेल ते एका साध्या फाइलीत एका ओळीत लिहून ठेवले जाते. पुढे मत बदलले तर तोच प्रश्न पुन्हा विचारून घेण्याची आज्ञाही आहे. नफ्याची अपेक्षा नसलेले लोक जी सभ्यता पाळतात, ती किंमत घेणाऱ्यांकडून मागण्यास संकोच कशाचा?

तेव्हा माझी प्रार्थना अशी आहे की आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत एक नवा प्रकार समाविष्ट व्हावा. ज्या सॉफ्टवेअरला लॉगिनची पद्धत बदलावयाची आहे, नवे खाते निर्माण करावयाचे आहे किंवा असलेले खाते दुसऱ्या खात्याशी जोडावयाचे आहे, त्याने तेवढ्यासाठी स्वतंत्र प्रश्न विचारावा. होकार आणि नकार सारख्याच आकाराचे असावेत व कोणतीही खूण आधीच केलेली नसावी. नकार दिल्यास ज्या कामासाठी वस्तू घेतली ते काम अडू नये. सॉफ्टवेअर काढल्यावर लॉगिन पूर्वी होते तसे झालेच पाहिजे, आणि ते करणे ही विक्रेत्याची जबाबदारी असावी, ग्राहकाची नव्हे. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच, कारण प्रश्न विचारण्याचा नियम पळवाटा काढून पाळला जाईल, पण पूर्ववत करण्याच्या नियमाची तपासणी कोणताही ग्राहक घरबसल्या करू शकतो. माणूस पाठवून सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या विक्रेत्याने काय काय बदलले आणि कोणता पासवर्ड ठेवला, याची सहीनिशी यादी ग्राहकाच्या भाषेत पावतीसोबत द्यावी. आमच्या बाईंना त्या सकाळी मराठीत लिहिलेला असा एक कागद मिळाला असता, तर कोणालाही फोन लावण्याची गरज पडली नसती.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना अशा प्रकारांसाठी स्वतंत्र शीर्षक ठेवले गेले, तर त्यांची व्याप्ती केवढी आहे हे आपल्या दप्तरीच दिसून येईल. आज त्या तक्रारी सदोष वस्तू आणि असमाधानकारक सेवा यांच्या ढिगाऱ्यात विखुरल्या जातात. आमच्या प्रकरणातील पडद्यांची छायाचित्रे, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार आणि कार्यकारी मंडळाच्या ठरावाची नक्कल मी जपून ठेवली आहे. मार्गदर्शक तत्त्वांच्या नव्या मसुद्यावर सूचना मागवल्या गेल्यास, किंवा त्याआधीही आपल्या कार्यालयाने मागणी केल्यास, ती सर्व कैफियतीसह सादर करीन.

कळावे.

आपला विश्वासू,
एका तालुका ग्रंथालयाचा मानद कार्यवाह